चला

जिलियन हेपवर्थ,
आज मार्सडनच्या माळावर तुझी माणसं जमली,
एकसष्ट जण, दोन कुत्री
आणि एक थर्मास, जो कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.
वारा असा, की शेजारच्याशी बोललेलं
त्याच्यापलीकडच्यालाच ऐकू जायचं.
त्यामुळे भाषणं झाली नाहीत.
तुला बरं वाटलं असतं.

आपण अकरा वर्षांच्या. मी इचलकरंजीहून आलेली,
वडील इथल्या गिरणीत, रंगखात्यात,
आणि वर्गात मला कळायचं ते फक्त गणित.
तू माझ्या बाकावर येऊन बसलीस
कारण खिडकी माझ्या बाजूला होती.
एवढंच. तूच नंतर सांगितलंस, न लाजता.
खिडकीतून नदी दिसायची.
"आज हिरवी," तू म्हणायचीस,
आणि संध्याकाळी मी वडिलांची नखं बघायचे.
हिरवी.
आपला भूगोल तिथून सुरू झाला.

शनिवारी तू दारात हजर,
पायात भावाचे बूट, दोन मापं मोठे,
टोकाशी वर्तमानपत्र कोंबलेलं.
आई माझ्या अंगावर स्वेटरवर स्वेटर चढवायची,
तूप-गुळाच्या पोळीच्या दोन गुंडाळ्या हातात द्यायची
आणि उंबऱ्याबाहेर ढकलत म्हणायची,
"चला, चला आता!"
तू तो शब्द उचललास
वाटेवरची गारगोटी उचलावी तसा
आणि खिशात टाकलास.

पुढे मी औषधांच्या दुकानात गेले, तू शाळेत.
एकतीस वर्षं
पोरांना बसमधून उतरवून पीटच्या चिखलात उभं केलंस.
"गुडघ्यापर्यंत गेलात ना?
म्हणजे साधारण पाचशे वर्षं खाली आहात."
पालकांच्या तक्रारी यायच्या, बहुतेक बुटांबद्दल.
तू त्या तारीखवार लावून ठेवायचीस.

मार्चमध्ये तुझी चिठ्ठी माझ्या काउंटरवर आली.
मी औषधाचं नाव वाचलं
आणि तू तोंड उघडायच्या आत मला सगळं कळलं.
आमच्या धंद्याचं हे पाप.
तू विचारलंस, "भिजल्या तर चालतील का गं या गोळ्या?"
मी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या, एकीत एक.
याहून मोठं काही
माझ्या फडताळात नव्हतं.

आज फाटकापाशी सगळे थबकले.
पुढे नुसता चिखल, आणि कुणी आधी पाय घालेना.
तेव्हा एक दांडगा, टक्कल पडलेला गडी,
माळावरच्या दगडी भिंती रचतो म्हणे,
मागे वळून ओरडला, "चला!"
आणि पन्नासेक गळ्यांतून, यॉर्कशरच्या जाड ल-सकट,
"चला!"
कुत्रीसुद्धा उठली.

मी त्याला गाठून विचारलं, हा शब्द कुठला?
"इथलाच," तो म्हणाला, "जुना आहे.
मेंढपाळांचा असावा. मिस हेपवर्थ म्हणायच्या."
मी काही बोलले नाही.
आई असती तर हसली असती,
मग त्याला पोळी दिली असती.

वर कुरल ओरडत होता, तोच तो चढत जाणारा आवाज,
आणि कापूसगवत फुललेलं, पांढरंशुभ्र.
त्याचं सूत निघत नाही.
आपण करून पाहिलं होतं,
माझ्या वडिलांना दाखवायचं म्हणून,
अख्खा एक रविवार.

जिलियन, एक मात्र राहून गेलं.
आमच्यात निघणारी बाई "जाते" म्हणत नाही.
तो दुसरा शब्द मी तुला कधी शिकवलाच नाही.
वेळच आली नाही. दर वेळी तू पुढे निघालेली,
मी मागे, वाकून, नाड्या बांधत.

आताही तेच.
माणसं टेकाडाआड गेली,
माझी डावी नाडी सुटली आहे
आणि बोटं गारठलीत.
थांबू नकोस.
येते.