वाळा

कुओपिओत जानेवारीत तीन वाजताच दिवा लावावा लागतो.
तळघरात तर दिवस नसतोच.
तिथं चुंबकाचं ते भलंमोठं नळकांडं
आणि त्याची ठकठक,
सुताराला घाई झाल्यासारखी.

इर्मेली किल्ल्या, घड्याळ, केसांतली पिन
दाराबाहेरच्या वाडग्यात काढून ठेवते.
आत लोखंड न्यायचं नाही.
लोखंड आधीच आत गेलंय:
महिन्यापूर्वी एका रात्री तिनं मूळपेशींना भरवलेलं,
गंजाच्या रंगाचं, कणाकणानं,
पोराला तीट लावावी तेवढंच.
मग सोडल्या त्या उंदराच्या मेंदूत, उजवीकडे.
जखम डावीकडे.
चालत निघाल्या असतील तर
मधला पूल एव्हाना मागे पडला असेल.

पडद्यावर मेंदू, सोललेल्या बदामासारखा,
आणि डावीकडे त्यात एक काळं भोक.
हे लोखंड उजळत नाही.
ते असतं तिथं
चित्राची वाचा जाते.

"पोचल्या!" ताह्वो खुर्चीतून अर्धा उठतो.
इर्मेली गप्प.

तिचे वडील हान्कोच्या टोकावर
पाखरांच्या पायांत ॲल्युमिनियमचे वाळे घालायचे,
बोटं गारठेपर्यंत.
एकदा टपालानं पाकीट आलं. आत नुसता वाळा.
नंबर त्यांच्याच वहीतला: कस्तूर, सप्टेंबर, वजन साठ ग्रॅम.
सोबत चिठ्ठी, कुणा शाळामास्तरांची,
की घुबडाच्या ओकारीत सापडला,
पिसं आणि हाडांच्या चुऱ्यात.
वडिलांनी गाव लिहिलं, तारीख लिहिली,
आणि 'पोचला'च्या रकान्यावर पेन टेकवून
बसून राहिले. सूप गार झालं.

"मेंदूतही घुबडं असतात," ती म्हणते.
"मेलेली पेशी गिळतात, लोखंडासकट.
ठिपका मात्र तसाच काळा."

"मग कळणार कसं?"

"काप घ्यायचे. रंगवायचे."

ताह्वो पेटीकडे बघतो.
सतरा नंबरची भूल उतरत आलीय.
मिशा थरथरतात. उजवा पंजा,
महिनाभर लुळा पडलेला,
भुशात काहीतरी चाचपतोय,
की नुसतीच थंडी वाजतेय त्याला, सांगता येत नाही.

इर्मेली घड्याळ मनगटावर चढवते.
नोंदवहीत लिहिते: डावीकडे, काळा ठिपका.
पुढचा रकाना कोरा सोडते.

"आणखी आठवडाभर थांबू," म्हणते,
आणि दिव्याची ऊब
जरा त्याच्याकडे वळवते.