उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल

प्रमिलाताई, तुमचं पत्र आलं की मी लगेच फोडत नाही.
सोहारला दारावर पोस्टमन येत नसतो,
कंपनीच्या नावाची पत्र्याची पेटी असते, तिला किल्ली,
आणि जूनमध्ये ती रुमालात धरून फिरवावी लागते.
काउंटरवरचा खमीस, ज्याच्या नावाचा अर्थच गुरुवार,
लांबूनच बोटाने सांगतो: आहे, किंवा नाही.

मग पाकीट दोन-तीन दिवस स्टोअरात मुरतं,
ऑफ-व्हाइट आणि टेराकोटाच्या डब्यांमध्ये.
(कागदाला हा वास कसला, तुम्ही एकदा विचारलंत.
मी समुद्राचा म्हणालो.)

गुरुवारी रात्री बिजू घोरायला लागला की कापतो,
उजव्या बाजूने. डावीकडून कधीच नाही.
आधी शेवट वाचतो, कोणी गेलं तर नाही ना.
मग वरून सुरू.
तुमच्या ओळी मोजतो, उत्तर एका ओळीने कमी लिहितो,
म्हणजे उधारी राहते, आणि उधारी असली
की माणूस दुकान बदलत नाही.

कच्चं पत्र डिलिव्हरी चलनांच्या पाठीवर.
पक्कं निळ्या पेनाने, एसीखाली हात सुकवून,
मनगटाखाली कॅल्क्युलेटरच्या रोलचा तुकडा.
तुमच्या समासात कधी कधी उलटे आकडे उमटतात ना,
तो हिशेब नव्हे. घाम आहे.

तारीख सगळ्यात शेवटी.
आणि तुम्ही जे पहिल्यांदा विचारता, त्याला उत्तर नाही.
घरी कधी जाणार, सतरा पत्रांत विचारलंत.
सतरा वेळा मी हवा कळवली.

त्या हवेनेच सगळा घोळ केला.
चंदगडहून तुम्ही लिहिता: धुकं. मग झड. मग काजूला मोहोर.
इथे आठ महिने एकच शब्द,
तो किती वेळा लिहायचा?
म्हणून तिसऱ्या पत्रात मी खिडकीबाहेर बकुळ लावली.
खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे,
तिच्यावर कोणीतरी बंगालीत काही लिहून गेलंय, मला वाचता येत नाही.
पण तुम्ही विचारत गेलात, बकुळ वाढत गेली.
शमाल सुटला तेव्हा एक फांदी मोडली म्हणून लिहिलं,
तर तुम्ही जखमेला शेणमाती लिंपायला सांगितलीत.
लिंपली, असं कळवलं.

मार्चमध्ये तुमचं पत्र: एक पान पाठवा, वहीत ठेवीन.

शुक्रवारी निघालो.
कॉर्निशवर खजूर, सगळे एका मापाचे, नगरपालिकेचे.
नर्सरीतल्या माणसाला बकुळ हातवाऱ्यांनी समजावली,
त्याने जास्वंद आणली.
शेवटी वादीच्या काठी (इथे कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात)
शेळ्यांच्या गोठ्यामागे एक झाड दिसलं.
पान तोडताना काटा घुसला.
त्याच बोटाने पाकीट चिकटवलं.

आज तुमचं उत्तर, चार ओळी:
"बकुळीच्या पानाला देठापासून तीन शिरा नसतात.
मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, मोरेश्वर.
हे बोरीच्या घराण्यातलं. कोणाचं आहे ते झाड?
त्याला पाणी कोण घालतं?"

रागाचा एक शब्द नाही. मी दोनदा शोधला.

नियमाने मला तीन ओळी येतात.
चलनांचं अख्खं पुस्तक संपलं, बिजू उठून पाणी पिऊन परत झोपला,
टाकी, टर्पेंटाइन, सतरा पत्रांचं ते एक उत्तर,
सगळं या पाठकोऱ्या कागदांवर पडलंय, ते इथेच राहील.
पक्कं एवढंच केलं:

झाड कोणाचंच नाही, निदान कोणी हाकलत नाही.
पाणी मी घालतो, शुक्रवारी, रंगाच्या धुतलेल्या बादलीने.
शेळ्या आता मला ओळखतात.

तारीख घालायची राहिली आहे.