धुतलेला मोगरा

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
मी वासांचे तुकडे करते.
पगार त्याचाच मिळतो.
सुईभर द्राव यंत्रात सोडला
की केसाएवढ्या बारीक नळीतून वास धावत सुटतो
आणि टोकाला एकेक घटक दम खात पोचतो,
हलके आधी, जड सगळ्यांत शेवटी.
कागदावर डोंगर उमटतात.
लिनॅलूल. बेंझाइल अ‍ॅसिटेट.
पुढचे चार कंपनीचं गुपित.

साहेब म्हणतात, मोगरा म्हणजे फक्त हे सहा.
मीही म्हणायचे. कॉलेजात तर फार म्हणायचे.
रडणं म्हणजे फक्त मीठ आणि पाणी,
आजोबांचा राग म्हणजे फक्त थायरॉइड.
म्हणताना छान वाटतं,
चाळीतली सगळी कुलपं एकाच किल्लीनं उघडावीत तसं.

धाकलीबाई गोठिवलीहून लादी पुसायला येते.
आमचं यंत्र आहे तिथे तिच्या सासऱ्याचं खाचर होतं,
असं सांगते.
कधी सांगते, पार्किंगच्या जागी होतं.

मंगळवारी मी सहा बाटल्या मोजून मिसळल्या,
कागदाची पट्टी बुडवून तिच्या नाकाखाली धरली.
तिनं हुंगली. फडका खांद्यावर टाकून पुन्हा हुंगली.
"मोगराच हाय गो. पन धुतलेला."

धुतलेला.
मी आलेख पुन्हा काढला, खालच्या रेषेशी डोळे नेले.
तिथे, शेवटाकडे, एक टेकाड;
उंबऱ्यासारखं आम्ही ते रोज ओलांडायचो.
इंडोल.
शेणात असतो. गटारात असतो.
सातव्या बाटलीतून एक थेंब घेतला,
तोही हजारपट पातळ करून.
"आता कसा फुललाय!"

म्हणजे जिंकले मीच ना?
जे उणं होतं त्यालाही नाव होतं, वजन होतं,
बाटली होती, बाटलीवर चिठ्ठी होती.
नाल्याचा आणि गजऱ्याचा सोयरा एकच,
हे तुकडे केल्यावाचून मला कुठून कळलं असतं?
आम्हाला लोक उगाच रुक्ष म्हणतात.

पण धाकलीबाई पट्टी सोडेना.
बादली तशीच. ती खिडकीशी.
"काय नाय. चांगुना आठवली.
मिठागरावर जायचो दोगी. भर उन्हात पन ती गजरा घालायची.
घामाचा न् मोगऱ्याचा, असाच वास यायचा तिला.
मंग पैशावरून बोलनं तुटलं."
गेल्या का त्या, मी हळूच विचारलं.
"नाय गो. ऐरोलीला रहाते."

ऐरोली. इथून एक स्टेशन.

मी कागदाकडे पाहिलं.
चांगुणा कितव्या मिनिटाला उतरते?
उतरत असेलही, मेंदूतल्या आणखी बारीक कुठल्या नळीतून;
कुणी मोजलं तर मी पहिल्या रांगेत बसून पाहीन.
एवढंच दिसलं की सात डोंगरांच्या त्या कागदावर
'फक्त' या शब्दाचा डोंगर कुठेच नव्हता.
तो आम्ही मागाहून, पेनानं, लिहीत होतो.

"किती टिकंल यो वास?"
हे मला येत होतं. चार तास, म्हटलं.
हलके आधी जातील.
शेवटी उरेल ते शेणातलं.

"मंग आजच गेलं पायजे."
पट्टी अंबाड्यात खोवून ती निघाली,
अर्धी लादी ओली, अर्धी कोरडी टाकून.