उजवीकडे जायचं तर

शेपूट उजवीकडे न्यायचं तर
स्टिअरिंग डावीकडे.
हे वाक्य मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली,
आणि पहिल्याच दुपारी
चार नारिंगी शंकू आडवे केले.
पाचवा चाकाखालून निघाला तो पोळी होऊन.

नेब्रास्कात, जत्रेच्या मैदानामागे,
साखर कारखाना बंद पडलेले आम्ही सहाजण
आणि दंतवैद्याकडे चिठ्ठ्या फाडणारी ग्रेटा,
जिनं एकही शंकू पाडला नाही,
आणि जी तिसऱ्या दिवशी आलीच नाही.
का, ते कुणी विचारलं नाही.
वारा फार होता.

सकाळी ट्रकभोवती प्रदक्षिणा.
प्रत्येक नटाला बोट लावून मोठ्यानं म्हणायचं:
घट्ट आहे. तडा नाही. गळत नाही.
बावीस वर्षं बीट कापणाऱ्या यंत्रापाशी उभा होतो,
त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.
आता या त्रेपन्न फुटी धुडाची विचारपूस करतो,
बोटं गारठ्यानं बधिर,
आणि मास्तर लायल म्हणतो,
ऐकू नाही आलं, पुन्हा.
रात्री फोनवर डेलियाला सगळं म्हणून दाखवायचं.
अकरा वर्षांची पोर, कागद समोर धरून तपासते,
बापाचा एक नट सुटू देत नाही.

ब्रेकची हवा मुद्दाम सोडत जायची.
काटा साठाखाली आला की गजर,
आणखी खाली, की दोन्ही खटके आपसूक बाहेर.
म्हणजे हवा संपली तर ट्रक सुसाट सुटत नाही,
थांबतो.
हे मला कितीतरी दिवस खरं वाटेना.

मग ओपल. त्रेसष्ट वर्षांची,
डावा हात उन्हानं रापलेला, उजवा दुधासारखा,
खिशात पेपरमिंटच्या गोळ्या.
सहा आठवडे तिच्या केबिनमध्ये.
ती चालवायची तेव्हा मी मागच्या बर्थवर,
पट्ट्यांत बांधलेला, डोळे टक्क उघडे.
दुसऱ्याच्या पायाखालच्या ब्रेकवर विसंबून झोपायचं,
हे मला लग्नातही जमलं नव्हतं.
माझं घोरणं, तिचे मोजे:
दोघांनीही विषय काढला नाही.

वायोमिंगमध्ये, एल्क माउंटनजवळ,
ट्रेलर रिकामा, वारा आडवा.
"भरलेला असशील तर उताराला घाबर," ती म्हणाली,
"रिकामा असशील तर वाऱ्याला."
"आणि अर्धा भरलेला असलो तर?"
"तर कंपनीला फोन कर, पैसे बुडताहेत."
मी हसलो आणि गिअर चुकला.
दातांवर दात घासल्याचा तो आवाज
माझ्या पोटात अजून आहे.
ती ओरडली नाही.
गोळीचा कागद सोलता सोलता
तिनं नुसतं खिडकीबाहेर पाहिलं,
जिथं बर्फात एक ट्रेलर कुशीवर पडलेला,
कुणाचा तरी,
दारं सताड, आणि कोबी, कोबी,
पांढऱ्यावर हिरवा, पार कुंपणापर्यंत.

पहिल्या परीक्षेत नापास.
ट्रेलर जोडल्यावर एकदा पुढे ओढून पाहायचं असतं
कुलूप बसलंय का.
मी पाहिलं नाही.
"पण बसलेलं होतं," मी म्हणालो.
परीक्षकानं पेन्सिलीनं कान खाजवला.
"ते तुला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्यांदा पास.
त्या शनिवारी घरी, दूध संपलेलं,
जुन्या छोट्या गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला,
शेपूट उजवीकडे न्यायचं म्हणून
हात आपोआप डावीकडे

आणि शेजारच्या लिंडक्विस्टांची टपालपेटी.
खांब वाकडा, दोन पत्रं
आणि विजेचं बिल गवतावर.

डेलिया पायरीवरून उठली,
गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली,
बोट लावत लावत:
"घट्ट नाही. तडा आहे. गळत नाही."

ऐकू नाही आलं, मी म्हणालो,
पुन्हा.