उलटं करून

प्रेस्टविचला, बरी न्यू रोडवरच्या औषधांच्या दुकानात
काउंटरमागे माझा पहिलाच शुक्रवार.
मिस्टर ग्लिकमन आले, टोपी भिजलेली,
म्हणाले, शालोम अलेखेम.
मी म्हटलं, हॅलो.

त्यांनी सावकाश चष्मा पुसला.
असं नाही. शब्द उलटे कर आणि परत दे :
अलेखेम शालोम.
शेजारणीची वाटी आपण रिकामी धाडत नाही,
तसंच काही असेल, असं मी आपलं समजून घेतलं.

मग वॉरफरिनच्या डब्याबरोबर दर खेपेला एक धडा.
गुट शाब्बेस मात्र जसंच्या तसं परत,
आपल्या रामरामासारखं.
शनिवारी दिवेलागणीनंतर भेट झाली तर गुट वोख,
आठवडा चांगला जावो.
योम किप्पूरला मी उत्साहाने ‘हॅपी’ म्हणाले,
तर हेटीबाई हसता हसता वजनकाट्यावरच टेकल्या.
उपास नीट पार पडो, एवढंच म्हणायचं गं.
मी त्यांना एकादशी अन् दुप्पट खाशी सांगितलं.
दोघांनाही ते फार पटलं.

मी एकच शिकवलं :
जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं.
‘येटो,’ म्हणत दारातून हात हलवायचे,
आणि यायचे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आले नाहीत.

बुधवारी मी घरी गेले. दार नुसतं लोटलेलं.
आरशावर चादर. हेटीबाई बुटक्या खुर्चीवर,
स्वेटरची कड फाडलेली.
माणसं वाकत होती, हात हातात घेत होती :
तुम्हाला दीर्घायुष्य लाभो.
ज्याचं माणूस गेलं त्यालाच आयुष्य चिंतायचं!
शेजारच्याला मी हळूच विचारलं,
यावर उलट काय म्हणायचं असतं?
त्याने खांदे उडवले.
थँक यू म्हणतात बहुतेक.

माझी पाळी आली. तोंडातून शब्द फुटेना.
त्याच म्हणाल्या,
त्यांच्या गोळ्या उरल्यात. परत घेता ना तुम्ही?

घेतो, म्हटलं.
आम्ही त्या नष्ट करतो, हे सांगितलं नाही.

दाराशी ‘येते’ ओठांवर आलं, ते गिळलं.
आपल्यातही असल्या घरातून
न सांगताच निघतात.
रस्त्यावर बोचरी भुरभुर,
कोटाच्या खिशात सतरा गोळ्या,
चालताना वाजणाऱ्या.