ड्युटी बदल

हिंदुराव चौगुले, केएमटीतून रिटायर,
रुमालाच्या गाठीतून काढतात
काडेपेटीएवढा कॅमेरा.
"आत सतरा फोटू हैत.
सेल काढू नगासा. सेल गेला की फोटू गेलं,
दुकानदारानं तवाच सांगितलंय."

शाहूपुरी, तिसरी गल्ली, झेरॉक्सच्या मागं
माझं दुकान.
मी वायर जोडते
आणि पडद्यावर लगेच हिंदुराव:
मिशी, टोपी, पाठीमागं दूध संघाचं कॅलेंडर.
"ह्यो तर मी आत्ताचा.
मला तवाचं पायजेत."

तेच तर, काका.
वायर लागायचा अवकाश, आतला कर्नल धावतो,
डोळा दिसला की म्हणतो, माझा.
आपला ड्रायव्हर बसवतो सीटवर,
मग डोळा नुसतं समोरचं बघत राहतो.
पोटातले फोटो काढणारा प्रोग्राम बाहेर ताटकळतो,
दार वाजवतो,
आतून एकच उत्तर: बिझी.

"कर्नल? मिलिट्रीतला?"
नाही हो. गाभ्यातला.
सगळ्या किल्ल्या त्याच्या कनवटीला.
"आनि ड्रायव्हर?"
तुमच्यासारखाच.

हसतील वाटलं. हसत नाहीत.
स्टूल पुढं ओढतात.
"मग ह्येंची ड्युटी बदलत न्हाई व्हय?
आमी गंगावेशीत उतरायचो.
शीटवर सही, ब्रेक जरा कमी लागतोय म्हणून सांगायचं,
मग दुसरा चढायचा.
गाडी एकच की.
चावी खिशात घालून घरला गेला
असा एकच निघाला बत्तीस वर्सांत,
त्येचं नाव अजून काढत्यात डेपोत."

मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसते थोडा वेळ.
मग एक ओळ लिहिते,
जरा उतर, एवढाच तिचा अर्थ.

पडद्यावरचे हिंदुराव विझतात.

पहिला फोटो येतो पट्टी पट्टीनं, वरून खाली,
आभाळ,
बसचं टप,
कळंब्याची पाटी, अर्धी,
मग छातीशी तिकिटाची पेटी धरलेला माणूस,
डोळे मिटलेले.
"मगदूम," म्हणतात. "माझा कंडक्टर.
क्यामेरा काढला की डोळं मिटायचा भडवा."

सतराच्या सतरा आले.
दोनात नुसता अंगठा.
एकात बसच्या आरशात खुद्द हिंदुराव, काळ्या मिशीचे,
बाकी सगळे मगदूम, मिटलेले.

मी वायर उपसायला हात घालते
तर ते मनगट धरतात.
"आदी परत द्या की त्येला."
कुणाला?
"तुमच्या कर्नलला. गाडी घेतली नव्हं त्येच्याकडनं?"

खरं होतं. विसरलेच होते.
आमच्यातले बहुतेक विसरतात,
काम झालं की चावीसकट पसार,
आणि आतला बिचारा रस्त्याकडेला उभा,
कुणीतरी वायर काढून परत लावेपर्यंत.

दुसरी ओळ लिहिली. बस जा जागेवर.
पडदा उजळला, हिंदुराव आले,
पांढरी मिशी, टोपी, कॅलेंडर.
बराच वेळ पापणी न लववता बघत राहिले स्वतःकडं.

मग कॅमेरा रुमालात बांधला,
पन्नासची नोट काउंटरवर ठेवली
आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढून विचारलं,
"सही कुटं करायची?"