म्हातारीचं काम

लामाराबाई अकरा वर्षं बारीला राहून आल्या,
आता कुताइसीत वाचनालयामागच्या खोलीत इटालियन शिकवतात.
रंग नाहीत, फळं नाहीत, हवापाणी नाही;
पहिल्या दिवसापासून कंबर, खुबा, लघवी,
गोळी जेवणाआधीची की नंतरची.
मधेच चमच्याला आपला शब्द विसरतात,
मग वर्गातल्या बायका सांगतात.

आईला सगळ्यात छळतं ते लिंग.
आमच्यात तो, ती, ते, सगळ्यांना एकच शब्द,
कधी कुणाचं अडलं नाही.
तिकडे टेबलसुद्धा पुरुष.
"आणि ला मानो बघ," ती म्हणते,
"शेपूट पुरुषाचं, पण हात म्हणे बाई!"
आणि साबणाचे हात तसेच धरून
बघत राहते त्यांच्याकडे.

रात्री तालीम. म्हातारीचं काम माझ्याकडे.
मी पलंगावर आडवी, अंगावर बाबांचा जुना कोट.
आई पाठीखाली हात सारून मला कुशीवर वळवते:
"दोवे ले फा माले?" कुठं दुखतंय?
मी कण्हते.
"तसं नाही," आई म्हणते, "त्यांच्यासारखं कण्ह. आही."
कण्हायलाही पुस्तक लागतं, हे मला नवीन.

मग मी विचारायचं, मुलंबाळं किती?
तिनं सांगायचं: एक मुलगी, चौदा वर्षांची, शहाणी आहे.
शहाणीला शब्द सापडत नाही तिला.
ती "लहान" म्हणते.
मला शब्द माहीत असतो. मी सुधारत नाही.

शेवटचा धडा रात्रीचा.
लामाराबाईंनी बजावलंय:
पहाटे तीनला सिन्योरा हाक मारतील, मम्मा.
गोंधळू नका. आपल्याकडे मामा म्हणजे बाप,
त्यांच्याकडे आई.
आणि त्यांची आई तर कधीच गेली,
तेव्हा ती हाक तुम्हालाच.

वीज गेलीय. बस मंगळवारची.
बांधलेल्या बॅगेवर चीजची पुडकी, त्यांचा वास खोलीभर.
कोटाखालून मी हाक मारते, "मम्मा."
आई दाराकडे वळून बघते.
तीन वर्षांत त्या दारातून कोणी आलेलं नाही,
तरी बघते.
मग सावरून, "सोनो क्वी."
इथंच आहे मी.

उच्चार बरोबर आला का,
ते विचारायचं राहून जातं तिचं.

"परत," मी म्हणते, म्हातारीच्याच आवाजात.
"परत."